कॅमेऱ्याला रीती भूतकाळ नसतो

विनोदी लेखक चिंतामण विनायक जोशी १९६३ साली निवर्तले. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूचे वर्ष संपल्यानंतर पुढची ६० वर्षे त्याच्या साहित्यावर वारसांचा हक्क राहतो, आणि ही मुदत २०२३ च्या अखेरीस पुरी झाली. म्हणजे चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मोरू, मैना आणि राघू ही मुले आणि आडदांड गुंड्याभाऊ हा सारा गोतावळा १ जानेवारी २०२४ पासून मराठी समाजाच्या सामाईक मालकीचा झाला आहे. चि. विं.च्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या या गोष्टी आता कोणीही छापाव्यात, वाचून दाखवाव्यात, त्यांच्यावर मालिका काढावी किंवा चित्रपट करावा. हे घडणारच आहे आणि घडावे अशी माझीही इच्छा आहे. मात्र ते कसे घडावे, याचा विचार हातात कॅमेरा घेण्याआधी व्हायला हवा, कारण विनोदी गद्याचे रूपांतर करताना जी चूक सर्वांत सहज होते, ती झाल्यावर सगळे प्रसंग जागच्या जागी राहतात, पात्रे ओळखू येतात, संवादही मूळचेच असतात, आणि तरीही हसू येत नाही.

ही चूक कोणती, हे समजून घेण्यासाठी मी एका इंग्रजी पुस्तकाकडे वळतो, कारण त्याच्यावर रूपांतराचे प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ होत आले आहेत. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ १८८९ साली प्रसिद्ध झाले. १९२० मध्ये त्यावर मूकपट निघाला, १९३३ मध्ये बोलपट, १९५६ मध्ये रुंद पडद्यावरचा रंगीत चित्रपट, १९७५ मध्ये बीबीसीचा दूरचित्रपट आणि १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातला संगीतमय दूरचित्रपट. रेडिओवरचे प्रयोग आणि ध्वनिमुद्रित वाचने वेगळीच. आपल्याकडच्या वाचकालाही हे पुस्तक अपरिचित नाही. एनसीईआरटीच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात प्रवासाचे सामान बांधण्याचा त्यातला उतारा बरीच वर्षे होता, आणि काही वर्षे केंद्रीय मंडळाच्या नववीच्या विद्यार्थ्यांना हे संपूर्ण पुस्तकच अवांतर वाचनासाठी नेमलेले होते.

या पुस्तकाला रूढ अर्थाने कथानक नाही. निवेदक जे., हॅरिस आणि जॉर्ज हे तीन तरुण आणि माँटमोरन्सी नावाचा कुत्रा टेम्स नदीतून होडीने किंग्स्टनहून ऑक्सफर्डला जातात, परतीच्या वाटेवर दोन दिवस पावसात भिजतात आणि पँगबोर्नला होडी सोडून, कोणाच्या नजरेस न पडता, आगगाडीने लंडनला परततात. प्रवासात म्हणावे असे काही घडत नाही. पुस्तकाचा मोठा भाग त्या प्रवासाच्या बाहेरच आहे. निवेदकाला कशावरून काही आठवते, त्या आठवणीवरून आणखी काही, आणि होडी वल्ह्यांविना तशीच वाहत राहते. लिव्हरपूलहून आणलेल्या चीजच्या वासाची गोष्ट, भिंतीवर चित्र टांगणाऱ्या काकांची गोष्ट, वैद्यकाचे पुस्तक वाचून आपल्याला एक सोडून सगळे रोग झाले आहेत अशी झालेली खात्री, यांतले काहीही नदीवर घडलेले नाही. ते सांगणाऱ्याच्या डोक्यात आहे. या पुस्तकाचे स्थळ टेम्स नसून एका माणसाचे बोलणे हे आहे, आणि कॅमेरा घेऊन नदीवर गेलेला दिग्दर्शक पहिल्याच दिवशी चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो.

मराठी व्याकरणात ज्याला रीती भूतकाळ म्हणतात, म्हणजे ‘तो येत असे, बसत असे, म्हणत असे’ किंवा जुन्या वळणाने ‘येई, बसे, म्हणे’, त्या काळात जगातला बराचसा विनोद सांगितला जातो. पॉजर काका भिंतीवर चित्र टांगतात, हा जेरोमचा प्रसंग घ्या. काका अंगातला कोट काढत, एकीला खिळे आणायला पिटाळत, तिच्यामागून कोणत्या मापाचे खिळे ते सांगायला मुलाला धाडत, कोणाला हातोडी, कोणाला पट्टी, कोणाला शिडी आणायला लावत, मग चित्र हातातून निसटून काच फुटे, बोट कापे, रुमाल कोटाच्या खिशात असे आणि कोट कुठे ठेवला ते आठवत नसे, सगळे घर तो कोट शोधत फिरे आणि काका त्याच कोटावर बसलेले असत. मध्यरात्रीच्या सुमारास चित्र वाकडेतिकडे टांगले जाई, भिंत उकरून निघालेली असे, घरचे सगळे गळून गेलेले असत आणि ताजेतवाने फक्त काका असत.

हे वाचताना आपण हसतो ते काकांचे बोट कापले म्हणून नव्हे. हे पुन्हा पुन्हा होत आले आहे, पुढेही होणार आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असूनही कोणाला ते थांबवता येत नाही, या जाणिवेवर आपण हसतो. ‘असे’ या एका क्रियापदात वीस वर्षांचा संसार मावतो. कॅमेऱ्याजवळ हे क्रियापद नाही. त्याच्यासमोर जे घडते ते एकदाच घडते, आत्ता घडते, आणि अमुक दिवशी, अमुक रंगाचा सदरा घातलेल्या माणसाच्या बाबतीत घडते. पडद्यावर काच फुटली की ती एक दुर्घटना होते आणि पुस्तकात फुटली की तो त्या घराचा रिवाज असतो. नट कितीही कसलेला असला तरी त्याच्या वाट्याला दुर्घटनाच येते, म्हणून विनोदी पुस्तकांच्या चित्रपटांत इतकी धावपळ आणि पडापड दिसते. सवयीची जागा भरून काढायला वेग वाढवावा लागतो.

दुसरे उदाहरण अननसाच्या डब्याचे आहे. डबा उघडण्याचे साधन घरी राहिले आहे, तिघे चाकूने, कात्रीने, दगडाने आणि होडीच्या डोलकाठीने त्या डब्यावर तुटून पडतात, जखमी होतात आणि शेवटी तो नदीत भिरकावून देतात. हे दृश्य चित्रपटाला फार सोयीचे आहे असे कोणालाही वाटेल, आणि हाणामारीपुरते ते खरेही आहे. परंतु मूळ परिच्छेदाचा प्राण एका क्षणात आहे: डब्यावर पडलेला पोचा निवेदकाला आपल्याला वेडावून दाखवणाऱ्या हसण्यासारखा दिसतो आणि त्या हसण्यामुळे तिघांचे भान सुटते. पडद्यावर पोचा दिसेल. तो हसतो आहे हे मात्र कोणी तरी सांगितल्याशिवाय दिसणार नाही, कारण ते डब्याचे वर्णन नाही, ते निवेदकाच्या पराभूत मनाचे वर्णन आहे. वस्तूला शत्रू बनवण्याचे काम वाक्य करते, आणि ते वाक्य काढून घेतले की उरतो तो तीन मोठ्या माणसांनी पत्र्याच्या डब्याला मारल्याचा देखावा.

निवेदक हरवल्यावर जी पोकळी राहते ती भरून काढण्यासाठी रूपांतरकार काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. केन अ‍ॅनाकिन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात लॉरेन्स हार्वी, जिमी एडवर्ड्स आणि डेव्हिड टॉमलिन्सन यांच्या जोडीला मूळ पुस्तकात नसलेल्या तरुणी आणल्या आहेत. नाउम बिर्मान यांच्या १९७९ च्या रशियन चित्रपटातही तसेच आहे: नदीवर बायकांची एक होडी येते आणि प्रवासाला प्रेमाची दिशा मिळते. दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांत, एकीकडे तिकीट विकणाऱ्या धंद्यात आणि दुसरीकडे सरकारी दूरचित्रवाणीसाठी, एकाच उणिवेवर एकच इलाज सापडावा, याचे मला आश्चर्य वाटत नाही. पुस्तकात पुढचे पान उलटायला लावणारी शक्ती म्हणजे सांगणाऱ्याचा सहवास. तो सहवास नसेल तर प्रेक्षकाला ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न द्यावाच लागतो, आणि ‘लग्न जुळणार का’ हा त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. मी त्या दिग्दर्शकांना दोष देत नाही. पण जी उणीव आपणच निर्माण केली ती भरायला आपण नवे सामान आणतो आहोत, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे होते.

त्याच रशियन चित्रपटात मात्र एक अशी गोष्ट आहे जिने मला या विषयाची दुसरी बाजू दाखवली. निवेदकाचे काम करणारा आंद्रेई मिरोनोव हाच नट पॉजर काकाही होतो आणि इतरही काही पात्रे रंगवतो. म्हणजे ज्याच्या तोंडून गोष्ट निघते त्याचाच चेहरा गोष्टीतल्या माणसांना मिळतो. हे पाहताना प्रेक्षकाला, कोणी स्पष्ट न सांगता, कळते की आपण काकांना पाहत नाही, काकांची नक्कल करणाऱ्या पुतण्याला पाहतो आहोत. नकलेत रीती भूतकाळ आपोआप येतो, कारण नक्कल कधीच एका वेळेची नसते, ती माणसाच्या सवयीची असते.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली ‘बटाट्याची चाळ’ १९६१ मध्ये रंगमंचावर नेली तेव्हा चाळीचा देखावा उभारून तिच्यात साठ भाडेकरू भरले नाहीत. ते एकटे उभे राहिले. रंगमंचावर सबंध चाळ बोलत होती, भांडत होती, उपास करत होती आणि तरीही समोर एकच माणूस होता, जो त्या सर्वांविषयी सांगत होता. याला आपण एकपात्री प्रयोग म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले आणि रूपांतराचा नमुना म्हणून त्याच्याकडे पाहिले नाही, हे आपले नुकसान झाले. लेखक आणि नट एकच असल्यामुळे ते जमले, असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही, कारण इंग्लंडमध्ये जेरेमी निकलस या नटाने जेरोमचे हेच पुस्तक एकट्याने सादर केले आणि जेरोम तर १९२७ मध्येच वारले होते. सांगणाऱ्याची जागा घ्यायला लेखकच लागतो असे नाही. त्या जागेवर कोणी तरी उभे मात्र राहावे लागते.

इथे रेडिओचा विचार येतो, आणि माझे मत स्पष्टच सांगायचे तर उत्तमपुरुषी, म्हणजे ‘मी’ म्हणून सांगितलेल्या, विनोदी गद्याचे पहिले घर रेडिओ आहे. हॅरिस आपल्या गावाकडच्या नातेवाइकाला हॅम्पटन कोर्टच्या भूलभुलैयात नेतो, ही गोष्ट ऐकून पाहावी. हातात नकाशा असल्यामुळे त्याला आत्मविश्वास असतो, वाट चुकलेले लोक एकेक करून त्याच्यामागे येतात, जमाव वीसवर जातो, आणि सात मिनिटांपूर्वी पाहिलेला अर्धवट खाल्लेला पाव पुन्हा पायाशी दिसतो. पडद्यावर दिग्दर्शकाला इथे उंचावरून सगळा भूलभुलैया दाखवण्याचा मोह होतोच, आणि तो दाखवल्याक्षणी प्रेक्षक झुडपांच्या वर जातो, त्याला वाट दिसते आणि तो हरवलेल्यांवर हसू लागतो. ऐकणाऱ्याला मात्र काहीच दिसत नसल्यामुळे तो त्या जमावाबरोबरच हरवतो. मागून येणारे आवाज वाढत जातात, सूर चिडका होतो, तो पाव परत येतो, आणि ऐकणाऱ्याला हॅरिसच्या बरोबरीने, त्याच क्षणी, आपण फसल्याचे कळते. डोळे मिटलेल्या श्रोत्याला देता येणारा हा अनुभव आहे.

याचा पुरावा उलट दिशेनेही मिळतो. डग्लस अ‍ॅडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही कृती आधी १९७८ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर आली, कादंबरी १९७९ मध्ये झाली आणि दूरचित्रवाणी मालिका १९८१ मध्ये. रेडिओवर त्यातले मार्गदर्शक पुस्तक हे एक पात्रच होते आणि पीटर जोन्स यांच्या शांत, खात्रीच्या आवाजात ते बोलत असे. मालिका करताना निर्मात्यांनी तोच आवाज ठेवला आणि तो ऐकू येत असताना पडद्यावर हाताने काढलेली चलचित्रे दाखवली. म्हणजे जिथे सांगणे होते तिथे त्यांनी सांगणेच ठेवले आणि चित्राला त्याच्या सोबतीला बसवले. त्या मालिकेतल्या इतर गोष्टी आज जुनाट वाटतात, हा भाग वाटत नाही.

चित्रपटाच्या जाणकारांचा यावर ठरलेला आक्षेप आहे: पडद्यावर निवेदन वापरणे म्हणजे दृश्यमाध्यमाने हार मानणे. जे दाखवता येते ते सांगू नये, हा नियम गंभीर कथेच्या बाबतीत बहुधा बरोबर आहे. विनोदी निवेदकाच्या बाबतीत तो लागू होत नाही, कारण या निवेदकाचे सांगणे आणि वस्तुस्थिती यांच्यात भांडण असते आणि गंमत त्या भांडणात असते. जे.ला मनापासून वाटते की होडीवरचे सगळे कष्ट आपणच उपसतो आणि बाकीचे दोघे आळशी आहेत. आवाज हे म्हणत असताना पडद्यावर तो उशाशी हात घेऊन पहुडलेला दिसला, तर आवाज आणि चित्र एकमेकांना खोटे पाडतात आणि निवेदनाला काम मिळते. तरी इथेही जपून वागावे लागते. पुस्तकात वाचक त्या माणसाला त्याच्याच वाक्यांतून पकडतो, कोणी साक्षीदार आणून दिलेला नसतो, आणि पकडल्याचा आनंद सर्वस्वी त्याचा असतो. चित्राने प्रत्येक वेळी पुरावा पुढे केला तर तो आनंद हिरावला जातो. हेन्री फील्डिंग यांच्या १७४९ च्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीवर टोनी रिचर्डसन यांनी १९६३ मध्ये चित्रपट केला तेव्हा निवेदक ठेवला, सुरुवात मूकपटाच्या ढंगात केली आणि एका प्रसंगी तर नायक कॅमेऱ्याच्या भिंगावर आपली टोपी अडकवून पुढचे दृश्य झाकून टाकतो. आपण जे पाहतो ते कोणी तरी आपल्याला दाखवत आहे, ही जाणीव त्या चित्रपटाने सोडली नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण माझ्या दृष्टीने ती टोपी अधिक महत्त्वाची आहे.

रूपांतरात आणखी एक गोष्ट हमखास गाळली जाते. जेरोमना मुळात विनोदी पुस्तक लिहायचे नव्हते. टेम्सकाठच्या स्थळांचा आणि इतिहासाचा परिचय करून द्यावा, असा त्यांचा बेत होता. हे लेखन आधी ज्यात छापले गेले त्या ‘होम चाइम्स’ मासिकाचे संपादक एफ. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी त्यातला बराचसा इतिहास काढून टाकला. तरीही रनीमीड आले की मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, दिवसाचे गंभीर चित्र येते आणि गोरिंगजवळ तिघांना पाण्यात एका स्त्रीचे प्रेत सापडते. फसवली गेलेली, आप्तांनी दार बंद केलेली ती बाई आठवड्याला १२ शिलिंग मिळवत होती आणि त्यांतले ६ मुलाच्या सांभाळासाठी देत होती, हे लेखक थट्टेचा लवलेशही न आणता सांगतो. असे भाग विनोदी चित्रपटाच्या संहितेत टिकणे कठीण, हे मी समजू शकतो. परंतु ज्या माणसाला हे दिसते त्याच माणसाला अननसाचा डबा हसताना दिसतो, आणि पहिले कापून टाकल्यावर दुसरे सांगणारा माणूस केवळ चेष्टेखोर होऊन बसतो. चि. विं.च्या लेखनातही कारकुनी पगारात महिना काढणाऱ्या घराची ओढाताण विनोदाच्या खाली सतत असते. ती काढून चिमणरावांची फजिती तेवढी ठेवायची, असे कोणी ठरवले तर ते चिमणराव राहणार नाहीत.

वेशभूषेबद्दलही बोलले पाहिजे. रूपांतरांत हमखास पट्टेदार कोट, गवती टोप्या आणि उन्हात चमकणारी नदी दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे पुस्तक गेलेल्या सोनेरी दिवसांविषयी आहे. १८८९ मध्ये ते आजच्याविषयी होते. शहरात नोकरी करणारे मध्यमवर्गीय तरुण रविवारी नदीवर गर्दी करत, त्यांच्या रोजच्या बोलीत ते लिहिले होते, आणि त्या बोलीला ग्राम्य ठरवून समीक्षकांनी जेरोमवर टीका केली होती. वाचकांनी मात्र ते उचलून धरले. जेरोम यांच्या सांगण्याप्रमाणे एकट्या अमेरिकेत दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि तेव्हाच्या प्रताधिकाराच्या स्थितीमुळे त्यांचा आर्थिक लाभ त्यांना झाला नाही. आज चिमणरावांवर काही करायचे म्हटले की पहिला विचार पगडीचा, जुन्या वाड्याचा आणि पितळी भांड्यांचा होईल, अशी मला धास्ती आहे. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ च्या आसपासच्या वाचकाला जुन्या पुण्याचे स्मरणरंजन म्हणून मिळाले नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या घरातले होते.

चिमणरावांची रूपांतरे याआधी झाली आहेत आणि त्यांचा मान राखूनच मी हे लिहितो आहे. मास्टर विनायक यांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट केले, त्यांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी होती. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यावर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आणि माझ्यासारख्या अनेकांच्या मनात त्या दोन व्यक्तिरेखांना तेच चेहरे कायमचे मिळाले. ती मालिका आम्ही शेजारच्या घरी, चटईवर दाटीवाटीने बसून पाहिली आहे, आणि तिचे ऋण मला मान्य आहे. तरीही पुस्तक पुन्हा हातात घेतल्यावर एक फरक जाणवतो. पडद्यावर आपण एका भित्र्या, प्रेमळ, गोंधळलेल्या माणसाला बाहेरून पाहतो. पुस्तकात तो माणूस स्वतःविषयी बोलतो, आणि त्याच्या लेखी आपला भित्रेपणा म्हणजे दूरदृष्टी असते, गोंधळ म्हणजे परिस्थितीचा दोष असतो. बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या आणि तिथल्या संस्थानी दप्तराची जबाबदारी सांभाळणाऱ्या या विद्वान लेखकाने अभ्यासू स्वभावाने जे कमावले ते हे होते: संपूर्ण प्रांजळ स्वरात स्वतःची चुकीची साक्ष देणारा निवेदक. उत्तम अभिनयानेही हा निवेदक पडद्यावर येत नाही, कारण अभिनय माणूस दाखवतो आणि इथे माणसाने लिहिलेली वाक्ये हवी असतात.

आजच्या श्रोत्याला इतके ऐकत बसण्याचा धीर नाही, असे निर्मात्यांकडून ऐकू येते. मला हे पटत नाही. हातात माइक घेऊन एकटाच माणूस तासभर आपल्या घरच्या, ऑफिसच्या, सासरच्या गोष्टी सांगतो आणि विशीतली मुले तिकीट काढून ते ऐकतात, हे दृश्य आता मुंबई-पुण्यात नवे राहिलेले नाही. ‘माझे बाबा काय करतात माहीत आहे का’ असे म्हणून तो सुरू करतो तेव्हा तो रीती भूतकाळाचा वर्तमानातला सख्खा भाऊच वापरत असतो. दुसरीकडे अभिवाचनाच्या कार्यक्रमांना लोक येतात आणि ध्वनिपुस्तके प्रवासात ऐकली जातात. मराठी घराने तर घरगुती विनोद रेडिओवर ऐकण्यात वर्षे काढली आहेत. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत यांना प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांतून लोक ओळखत होते, चेहऱ्यांवरून नव्हे.

म्हणून माझी सूचना क्रमाविषयी आहे. चिमणरावांवर मालिका किंवा चित्रपट करण्याआधी त्यांच्या गोष्टींचे एकाच आवाजातले, संक्षेप न केलेले, प्रत्येक संग्रहाच्या मूळ क्रमाने केलेले वाचन ध्वनिमुद्रित व्हावे आणि ते सर्वांना मोफत उपलब्ध असावे. हे काम आकाशवाणीने किंवा राज्याच्या भाषाविषयक संस्थांनी हाती घेण्यासारखे आहे, कारण लेखन आता लोकांचे आहे आणि त्याचे पहिले नवे रूपही लोकांचेच असले तर बरे. त्यासाठी एक शांत खोली, एक माइक, एक चांगला नट आणि जुन्या आवृत्त्यांशी पाठ ताडून पाहणारा एक संपादक पुरेसा आहे. मागे संगीत नको, दाराच्या कड्या वाजायला नकोत, काऊसाठी वेगळी नटीही नको. काऊ जशी चिमणरावांना ऐकू येते तशीच आपल्याला ऐकू यावी. आणि वाचणाऱ्याला एवढेच सांगावे की कुठेही स्वर चढवून हसू मागू नये. चिमणराव जे सांगत आहेत ते त्यांना अक्षरशः खरे वाटते आहे, असे धरून त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे.